चारचं डोकं उघडं

गाडी माझी, चालवते मी, पेट्रोल मी भरते. तरी मी गाडी पळवली ही बातमी सगळ्यांत शेवटी मलाच कळली. स्कूटी घेतली तेव्हा मुलगा बरोबर होता आणि कागदांवर त्यानं स्वतःचा मोबाइल नंबर टाकला होता. ‘तू मेसेज वाचत नाहीस,’ असं त्याचं म्हणणं. त्यामुळे चलनाचा मेसेज मला इथे गोंदियाजवळ कुडव्याला न येता मुलाकडे पुण्याला गेला, पुण्याहून घरच्या ग्रुपवर आला, आणि मी शाळेतून येऊन चपला काढेपर्यंत नणंदेपासून पुतण्यापर्यंत सगळे त्यावर हसून मोकळे झाले होते.

मेसेजात लिहिलं होतं की एप्रिलातल्या एका रविवारी दुपारी तिरोडा रोडवर ही गाडी ताशी शहाऐंशी किलोमीटरनं जात होती. खाली गाडीचा नंबर माझा. शेवटचे आकडे वीस अडतीस.

शहाऐंशी! माझी स्कूटी पन्नासच्या वर गेली की तिचं हँडल थरथरायला लागतं आणि डिकीतला डबा वाजतो. मी फुलचूरच्या पलीकडे एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. रोज जाऊन येऊन त्याच रस्त्यानं, त्याच चालीनं. शाळेतली मोठी पोरं सायकलवरून मला मागे टाकतात आणि वर हात करून ‘मॅडम, नमस्ते’ म्हणतात.

पण एक अडचण होती. त्या रविवारी मी खरोखरच त्या रस्त्यानं गेले होते. माझं माहेर बोदलकसाच्या बाजूला आहे. भावाकडे जेवून मी दुपारी परत निघाले होते. म्हणजे ‘मी तिथे नव्हतेच’ असं म्हणायची सोय नव्हती. मी एवढंच म्हणू शकत होते की मी अशी चालवत नाही, आणि असलं म्हणणं पुरावा म्हणून कोणी धरत नाही.

मेसेजाबरोबर एक लिंक होती, ती उघडली की फोटो दिसायचा. संध्याकाळी नवऱ्यानं तो उघडून मोबाइल माझ्यापुढे धरला. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडची बाई गाडीवर निघाली की तिचं म्हणून काही दिसत नाही. डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात पांढरा सनकोट, हातात कोपरापर्यंत मोजे. फोटोतली बाई अगदी तशीच होती. तिची गाडीही माझ्यासारखीच पांढरी होती, आणि पांढरी स्कूटी तर गोंदियात दर दुसऱ्या दारात उभी असते.

“हे तूच होय ना?” नवरा म्हणाला.

“नाही.”

“सनकोट तोच, गाडी तीच, रस्ता तोच. मंग काऊन नाही म्हणून राहिली?”

मी म्हटलं, असे सनकोट बाजारात ढिगानं मिळतात. त्यानं खिळ्यावरची स्कूटीची किल्ली काढली, शर्टाच्या खिशात टाकली आणि म्हणाला, “उद्यापासून मी सोडून देत जाईन तुले.”

चलन कुणा अनोळखी माणसानं पाठवलं होतं. त्याचा राग मी गिळला असता. घरच्या माणसानं माझं धड ऐकून घ्यायच्या आधी किल्ली खिशात टाकली, हे मात्र मला आजही गिळता येत नाही.

रात्री मुलाचा फोन आला. पुण्याला गेल्यापासून त्याच्या बोलण्यातलं ‘काऊन’ गेलं आणि ‘का गं’ आलं. “आई, मी ऑनलाइन भरून टाकतो. विषय संपेल.”

“भरायचं नाही.”

“का गं? एवढ्याशा दंडासाठी कशाला?”

“भरला म्हणजे मी पळवली असं झालं. मी पळवलेली नाही.”

मग तो खरं काय ते बोलला. “आई, दंडाचं सोड. तुझं वय बघ आता. बाबा सोडतील की तुला. स्कूटी आपण दादाला देऊन टाकू, त्याला तिरोड्यात लागतेच आहे.”

दादा म्हणजे माझा पुतण्या. म्हणजे गाडी कुणाला द्यायची इथपर्यंत बोलणं होऊन गेलं होतं. मी विचारलं, चलन चुकीचं निघालं तर? तर मग प्रश्नच नाही, मुलगा म्हणाला. फोन स्पीकरवर होता, पलीकडे बसलेल्या त्याच्या बापानंही मान हलवली. चलन रद्द झालं तर किल्ली माझी, नाहीतर गाडी तिरोड्याला. त्या दोघांनी हे हसत हसत ठरवलं. मी हसले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी नवऱ्याच्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसून शाळेत जायला लागले. नवरा राइस मिलमधून निवृत्त झालेला, त्याला घाई कशाचीच नाही. पानठेल्यावर कोणी दिसला की गाडी थांबायची. “काय जी, बऱ्याच दिवसानं,” असं सुरू झालं की मी मागे पर्स मांडीवर धरून बसलेली. कोणी विचारलं की तो आनंदानं सांगायचा, “बाईसाहेबाचं चलन आलं ना, स्पीडचं.” मग सगळे माझ्याकडे कौतुकानं बघायचे. मी प्रत्येकाला सांगायची की चलन चुकीचं आहे, आणि प्रत्येक जण म्हणायचा, “हो हो, तसंच होते.” शाळेची घंटा माझ्याआधी व्हायला लागली.

चलन ज्या वेबसाइटवर दिसतं तिथेच तक्रार करायची सोय होती. मी सरळ लिहिलं की माझी गाडी या वेगानं जात नाही आणि मी ती अशी चालवतही नाही. थोड्या दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. छायाचित्र तपासले, वाहन क्रमांक जुळतो, चलन योग्य आहे. मी भावजयीला फोन करून विचारलं, त्या दिवशी मी निघाले तेव्हा तू दारात होतीस, मी कशी निघाले ते सांग.

“बाई, तुमी त सायकलवाल्याच्या मागं मागं जाता जी,” ती म्हणाली. “तुमी कायले पळवान गाडी?”

तिचं हे बोलणं मी नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, भावजय तुझीच ना.

शाळेला उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि मला वाटलं हे प्रकरण निवलं. जूनमध्ये पोस्टानं नोटीस आली. दंड भरा, नाहीतर लोकअदालतीत हजर राहा, नाहीतर खटला दाखल होईल. नवऱ्यानं ती दोनदा वाचली आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

“कायले डोकं लावून राहिली? भर अन् मोकळी हो. कोर्टाचा कागद आला घरात.”

“येऊ द्या. मी जाते कोर्टात.”

“आपल्या घरचं कोणी गेलं नाही आजवर.”

तुमच्या घरचं नसेल गेलं, मी म्हटलं. माझ्या माहेरी शेताला तलावाचं पाणी पाळीनं मिळतं, आणि पाळीवरून आमच्याकडच्या लोकांनी कोर्टाच्या पायऱ्या किती झिजवल्या ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. आपली पाळी सोडायची नाही आणि दुसऱ्याची घ्यायची नाही, एवढंच आम्हाला लहानपणी शिकवलं. दुसऱ्या कुणाचं पाणी मी कधी घेतलं नाही, तर दुसऱ्या कुणाचं चलन मी काय म्हणून घेऊ? त्यावर तो तांब्या घेऊन आत गेला.

तोंडानं मी कितीही जोरात बोलले तरी प्रश्न उरलाच. लोकअदालतीत जाऊन मी सांगणार काय होते? माझी गाडी थरथरते? तिथे बसलेल्या माणसानं फोटो दाखवून विचारलं असतं, ही तुम्ही नाही हे कशावरून, आणि माझ्याकडे भावजयीशिवाय कोणी नव्हतं.

शाळा सुरू झाली. पहिलीच्या वर्गात आमच्याकडे मोठा टीव्ही आहे, लोकवर्गणीतून आलेला. त्यावर आम्ही पोरांना गाणी दाखवतो. एका दुपारी पोरं शालेय पोषण आहाराच्या पंगतीत होती आणि मी वर्गात एकटी होते. मोबाइल टीव्हीला जोडला आणि तो फोटो उघडला. तोपर्यंत मी तो कितीदा पाहिला होता ते सांगायची लाज वाटते, पण प्रत्येक वेळी मी त्या बाईकडेच पाहत होते. तिचा खांदा माझ्यासारखा आहे का, ती माझ्यासारखी वाकून बसते का. नंबरकडे मी बघितलंच नव्हतं. नंबर काय, मेसेजातच लिहून आला होता.

टीव्हीवर तिची नंबर प्लेट माझ्या हाताएवढी झाली. वरची अक्षरं इंग्रजी होती. खालचे आकडे कोण्या पेंटरनं हौसेनं वळणदार काढले होते. दोन, शून्य, तीन. हे तीन आकडे मराठीत आणि इंग्रजीत लांबून सारखेच दिसतात. शेवटच्या आकड्याजवळ मी गेले आणि तिथेच उभी राहिले. त्याचं डोकं उघडं होतं.

दर जूनमध्ये मी फळ्यावर चार काढते आणि तेच एक वाक्य बोलते, चारचं डोकं मिटवायचं नाही. आता पोरांना इंग्रजी आकडे बालवाडीतच शिकवतात, मग ती मराठी चार काढताना वरची दोन टोकं एकमेकांना चिकटवून टाकतात आणि त्याचा इंग्रजी आठ होतो. डोकं उघडं तर चार, मिटलं तर आठ. मी हे बोलून बोलून घसा बसवून घेतलाय. आणि इथे कुठल्यातरी पडद्यासमोर बसलेल्या मोठ्या माणसानं पहिलीच्या पोराची चूक केली होती. त्या बाईचा नंबर वीस चौतीस होता. त्यानं वीस अडतीस वाचला आणि चलन माझ्या नावावर काढलं.

मी जोरात हसले असेन, कारण पंगतीतली दोन पोरं दारात येऊन बघायला लागली. मी त्यांना आत बोलावलं आणि टीव्हीवरचा आकडा दाखवून विचारलं, हा कोणता? दोघंही एकदम बोलली, “चार.”

फोटो मोठा करून मी बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानातून कागदावर काढून घेतला आणि सुट्टी टाकून, ऑटोनं, ज्या कार्यालयात ही कामं होतात तिथे गेले. नवऱ्याला सांगितलं नाही. त्याच्या मागच्या सीटवर बसून मला तिथे पोचायचं नव्हतं.

टेबलामागचा पोलीस तरुण होता. मी बोलायला सुरुवात केली तशी त्यानं हसून मान हलवली. “मॅडम, सब यही बोलते है, गाडी मेरी नही.”

मी कागद त्याच्यापुढे ठेवला. त्यानं बोट ठेवून आकडे वाचले. “बीस अडतीस. आठ ही तो है. ऊपर से थोडा कटा है.”

“कटा हुआ नही, खुला है. चार है वो.”

“ऐसा चार?”

“मराठीतला. आणि हिंदीतही असाच असतो.”

तो प्रामाणिकपणे म्हणाला, “हमने तो बचपन से इंग्लिशवालाच लिखा, मॅडम.” त्याच्यावर मला राग आला नाही. खोटं बोलला नाही, एवढं तरी बरं. तो कागद घेऊन आतल्या साहेबांकडे गेला आणि मला आत बोलावलं.

साहेब पन्नाशीचे होते. त्यांनी चष्मा वर सरकवून कागद जवळ धरला. “हा चारच आहे,” ते म्हणाले. मग त्यांनी कॉम्प्युटरवर वीस चौतीस टाकून बघितला. पांढरी स्कूटी, मालक बाई. इतकं सोपं होतं ते. ते म्हणाले, मॅडम, काम झालं समजा, एक अर्ज द्या. आणि अर्जाचं वाक्यही त्यांनीच सांगितलं. सदर वाहनावर नियमबाह्य मराठी आकडे असल्यामुळे चूक झाली.

मी पेन उचललं आणि परत ठेवलं.

“असं नाही लिहिणार मी.”

“का? नियम आहे मॅडम. नंबर इंग्रजीतच पाहिजे.”

“आहे ना नियम. तिनं मोडला असेल तर तिला वेगळं विचारा. माझं चलन नियम मोडल्यामुळे आलं नाही. कोणीतरी चारला आठ वाचलं म्हणून आलं. मी तसं लिहिते.”

“तसं लिहिलं तर वर पाठवताना मला अडचण होते. आमच्याकडून वाचण्यात चूक झाली असं कोण मान्य करेल?” त्यांनी पुढे झुकून आवाज खाली आणला. “तुम्हाला चलन रद्द करून पाहिजे, की भांडायचंय?”

“दोन्ही,” मी म्हटलं.

बोलून गेले खरी, पण त्यांनी अर्ज पुढे पाठवलाच नाही तर गाडी तिरोड्याला जाणार हे मला दिसत होतं. त्यांचं वाक्य लिहिलं असतं तर त्याच संध्याकाळी किल्ली माझ्या हातात आली असती. पण मी पोरांना बोट धरून चार काढायला शिकवते. वर्गात सांगते की हा आकडा बरोबर आहे, आणि इथे सहीनिशी लिहून द्यायचं की याच्यामुळे चूक झाली? आकडा धडधडीत बरोबर होता. चूक वाचणाऱ्याची होती, आणि तिचं खापर त्या बिचाऱ्या चारवर फोडायचं होतं.

मी लिहिलं: ‘छायाचित्रातील शेवटचा आकडा मराठी चार असून तो आठ असा चुकीचा वाचण्यात आल्याने चलन माझ्या नावे निघाले आहे, ते रद्द करावे.’ शेजारी मोठा चार काढला आणि त्याच्याजवळ इंग्रजी आठ काढला. साहेबांनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत वाचलं. “शिक्षिका आहात काय?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी शिक्का मारला.

पुढचे दिवस मी रोज मागच्या सीटवर बसले आणि रोज मला वाटलं की आपण उगाच ताठ राहिलो. लोकअदालतीची तारीख जवळ येत होती. मग एका सकाळी घरच्या ग्रुपवर मुलाचा मेसेज पडला. चलन रद्द. सोबत वर केलेल्या अंगठ्याचं चित्र. त्याखाली नणंदेनं फुलं टाकली, पुतण्यानं हसरं तोंड टाकलं. ‘आई, तू बरोबर होतीस’ असं कोणी लिहिलं नाही. मी वाट बघितली, खोटं कशाला सांगू.

नवऱ्यानं खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. “घे,” तो म्हणाला. “पण जरा हळू चालवत जा आता.”

मी डबा भरला. त्याची मोटारसायकल आदल्या दिवसापासून फुलचूरच्या गॅरेजमध्ये होती, तेव्हा तो म्हणाला, जाता जाता मला तिथे सोड. मी म्हटलं, बसा मागे.

इतक्या वर्षांत तो माझ्या मागे कधी बसला नव्हता. सीटच्या मागची कडी त्यानं दोन्ही हातांनी धरली. कुडवा सोडून आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो तसा तो माझ्या कानाशी म्हणाला, “हळू.”

“काटा बघा.”

“काय?”

“खांद्यावरून वाका आणि काटा कुठे आहे ते वाचा.”

तो वाकला. “पस्तीस,” तो म्हणाला.

“मग?”

“मंग काही नाही.”

फुलचूर जवळ आलं तसा तो खाकरला आणि आपणहून बोलायला लागला. त्याला बहुतेक माझं मन राखायचं होतं.

“तवा मी फोटो नीट पायलाच नोहोता. चष्मा नोहोता डोळ्यावर.”

“मग मीच आहे हे कसं कळलं तुम्हाला?”

“वाटलं, तूच असशील.”

मी इंडिकेटर दिला आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

“उतरा,” मी म्हटलं.

काही बिघडलं असेल असं वाटून तो लगेच उतरला आणि मागचं चाक बघायला लागला. गॅरेज अजून पुढे होतं, नुसतं दिसत होतं. मी त्याला सांगितलं की चाक ठीक आहे, तिथपर्यंत तुम्ही चालत जा.

“काऊन?” तो म्हणाला.

“चष्मा घालून विचार करा,” मी म्हटलं, आणि चाळिसाच्या आतच, कसलीही घाई न करता, शाळेत गेले.